कासव पाळायचंय? आधी ते जमिनीचं की पाण्याचं ते बघा, मग त्याचं घर बांधा

परभणी : मोबाईलवर 'कासवाचं घर कसं बनवायचं' एवढं टाकलं की व्हिडिओंचा ढीग येतो. लाकडी पेटी, खाली भुसा, वर दिवा, कोपऱ्यात हिरवं झाड. बघायला छान वाटतं. पण त्यातले बहुतेक व्हिडिओ परदेशातले असतात. आपल्या परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढं जातो, आणि थंडीत कृषी विद्यापीठाचं किमान तापमान पेपरात छापून येतं तेव्हा मराठवाड्यात सगळ्यात गार बऱ्याचदा परभणीच असते. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात हुडहुडी. तिथली पेटी इथं जशीच्या तशी चालत नाही.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. इंग्रजीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या कासवाला दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोघांनाही कासवच म्हणतो. त्यामुळं होतं काय, जमिनीवरचं कासव कुणी पाण्याच्या टबात सोडतं आणि ते बुडून मरतं. पाण्यातलं कासव कुणी ताटलीत दोन वाट्या पाणी घालून ठेवतं आणि ते महिन्या-दोन महिन्यांत मलूल होतं. म्हणून घर बांधायच्या आधी पाय बघा. जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीसारखे, खांबासारखे जाड असतात आणि पाठ उंच घुमटासारखी असते. पाण्यातल्याच्या बोटांमध्ये बदकासारखा पडदा असतो आणि पाठ चपटी असते. एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

राहिलेलं निम्मं काम म्हणजे ते कासव ठेवायची आपल्याला परवानगी आहे का, हे बघणं.

शेतात, विहिरीत सापडलेलं कासव आपलं नसतं

गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या, येलदरीचं पाणी, गावतळी आणि कालवे, इथं आपल्याकडची कासवं राहतात. सगळ्यात जास्त दिसतं ते मऊ पाठीचं, ज्याच्या पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारखे पडदे येतात. तळं आटलं की हे कासव चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पावसाची वाट बघतं. उन्हाळ्यात जेसीबीनं गाळ काढताना किंवा नांगरताना ढेकळासारखं कासव वर येतं ते यामुळंच. ते मेलेलं नसतं आणि भटकून आलेलंही नसतं.

हे कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव आधी चौथ्या परिशिष्टात होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं तेही पहिल्यात गेलं. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या परिशिष्टातला प्राणी पकडला किंवा घरात ठेवला तर शिक्षा किमान ३ वर्षे, ७ वर्षांपर्यंत, आणि दंड किमान २५ हजार रुपये. 'मी मारलं थोडंच, पाळलंय' हे उत्तर चालत नाही, कारण कायद्यात पकडणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. वन्यप्राणी हातात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं, असं कलम ३९ सांगतं.

स्टार कासव आपल्या मातीतलं नाही. ते गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि श्रीलंकेत राहतं. तेव्हा परभणीत कुणी 'लकी कासव' म्हणून ते विकत असेल तर ते कुठून तरी उचलून आणलेलंच असणार. जगभर या कासवाची चोरटी विक्री इतकी वाढली की २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी सिंगापूरहून ५१ स्टार कासवं विमानानं परत भारतात आणली गेली होती. पुण्याजवळ बावधनला वन विभाग आणि रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्टचं वन्यप्राणी उपचार केंद्र आहे, तिथंही लोकांच्या घरातून निघालेली अशी कासवं सांभाळली जातात. वर्षानुवर्षं फरशीवर आणि काकडी-टोमॅटोवर जगलेलं कासव लगेच रानात सोडता येत नाही. त्याला आधी गवत खायला शिकवावं लागतं.

नखांचंही एकदा सांगून टाकतो, कारण हा विषय निघाला की ते निघतंच. 'वीस नखी कासव' मिळालं की पैशाचा पाऊस पडतो, या थापेवर लोकांनी जमिनी विकल्यात. साधा हिशोब करा. टणक पाठीच्या कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखं असतात, झाली १८. आपल्याकडच्या मऊ पाठीच्या कासवाला तर प्रत्येक पायाला तीनच नखं, म्हणजे १२. विसाव्या नखासाठी बयाणा मागणारा माणूस तुमचेच पैसे मोजतो. अशा प्रकारात वन्यजीव कायदा तर लागतोच, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू शकतो.

विहिरीत कासव सोडायची आपल्याकडं जुनी रीत आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणतात. पण आताच्या विहिरी सिमेंटच्या रिंगांच्या, सरळ कड्याच्या. त्यात कासवाला बाहेर येऊन ऊन खायला कुठं पायरी नसते आणि अंडी घालायला माती नसते. नदीतून आणून विहिरीत सोडणं हे पकडण्यातच येतं. ज्यांना घरात कासव शुभ वाटतं त्यांनी देवळात गाभाऱ्यासमोर असतं तसं दगडाचं किंवा पितळेचं ठेवावं. त्याला खायलाही लागत नाही.

मग पाळता येतं कोणतं?

बाजारात जे विदेशी मिळतं त्यात दोन मुख्य. एक, माशांच्या दुकानात मिळणारं, कानामागं लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू. हे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या भागातलं, पाण्यातलं कासव. दुसरं सुलकाटा, आफ्रिकेतलं, वाळवंटाच्या कडेला राहणारं, जमिनीवरचं.

सुलकाटाला नोंदणी लागते. २८ फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या नियमांनुसार कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातले विदेशी प्राणी ज्यांच्याकडं आहेत त्यांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची आहे. नवीन घेतलं तर ३० दिवसांत. पिल्लं झाली, कासव मेलं, दुसऱ्याला दिलं, तरी कळवायचं. विकणाऱ्याला आधी त्याच्या नोंदीचा कागद मागा. 'कागद नंतर देतो' म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. लाल पट्ट्याच्या कासवाचंही पक्कं बिल घेऊन जपून ठेवा.

आता माझं मत. सुलकाटाचं पिल्लू तळहातावर मावतं, पण पूर्ण वाढ झालेलं कासव ४०-५० किलोचं होतं, शेळीपेक्षा जड. सत्तर वर्षं जगू शकतं. चाळिशीतल्या माणसानं आज आणलं तर ते त्याच्या नातवाच्या वाटणीत येणार. घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा, मगच पुढचं वाचा.

जमिनीवरच्या कासवाचं आवार

जागा पूर्वेला उघडी पाहिजे, म्हणजे सकाळचं ऊन थेट मिळेल. ऊन हे या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं सामान. उन्हातल्या अतिनील किरणांनी कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय खाल्लेला कॅल्शियम हाडात आणि पाठीत जात नाही. पाठ मऊ पडते, वेडीवाकडी होते, पाय फाकतात. काचेतून हे किरण जवळपास येत नाहीत. त्यामुळं खिडकीशी काचेची पेटी ठेवून 'ऊन मिळतंय की' म्हणणं म्हणजे फोटोतली भाकरी खाण्यासारखं आहे.

पिल्लासाठी सुरुवातीला ४ फूट बाय २ फुटांची जागा पुरते, पण दोन-तीन वर्षांतच ती कमी पडते. मोठ्या सुलकाटाला २० बाय २० फुटांचं आवार तरी हवं. ज्याच्याकडं मोकळं आवार नाही त्यानं हा नाद करू नये, असं मला वाटतं.

भिंत आरपार दिसणारी नको. जाळी लावली की कासवाला पलीकडचं दिसतं आणि ते दिवसभर तिथंच धडका मारतं, नाक सोलून घेतं. आपल्याकडं शहाबादी फरशी सहज मिळते. ती उभी करून एक-दीड फूट जमिनीत गाडा आणि दीड ते दोन फूट वर ठेवा. पिल्लाला आणि मध्यम कासवाला ही भिंत चांगली. मोठ्याला मात्र वीट किंवा ब्लॉकचं बांधकाम पाहिजे. गाडणं टाळू नका, कारण सुलकाटा घुशीसारखं बीळ उकरतं, आणि तेही कित्येक फूट लांब. घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून आवार केलं तर ते पायाखालून माती काढेल. पाच-सहा फूट अंतर सोडलेलं बरं. कोपरे गोल करा. चौकोनी कोपऱ्यात कासव भिंतीवर चढायला बघतं आणि उलटं पडतं. उलटं पडलेलं कासव मेच्या उन्हात काही तासांत मरतं.

खालच्या मातीचा विचार आपल्या भागात वेगळा करावा लागतो. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटून गोळे होतात आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कासवाला दोन्ही वाईट. वरची फूटभर काळी माती काढून पोयटा आणि वाळू मिसळून भरा. टोकदार मुरूम टाकू नका, पोट घासतं. जमिनीला एका बाजूला उतार द्या आणि एका कोपऱ्यात वीतभर उंच ओटा करा, झडीच्या दिवसांत कोरडं बसायला. फरशी किंवा कोबा तर नकोच, त्यावर पायही घसरतात आणि उन्हात तापतोही.

सावली निम्म्या जागेवर पाहिजे. पत्र्याचं छप्पर टाकलं तर खाली चूल पेटल्यासारखं होतं. त्यापेक्षा उसाचं पाचट किंवा कडब्याचं छप्पर चांगलं. पऱ्हाट्या मी टाळीन, टोकं लागतात आणि त्यांच्यावर फवारेही झालेले असतात. सावलीत एक जुना रांजण आडवा करून निम्मा मातीत पुरा, तोंड थोडं मोठं फोडून कडा घासून घ्या. ही कासवाची खोली. आतली माती उन्हाळ्यात रोज सकाळी थोडी ओली करा. कासव दुपारी तिथं जाऊन बसेल. कोरड्या हवेत आणि चुकीच्या खाण्यावर वाढलेल्या पिल्लाची पाठ ढेकळांसारखी उंचवट्यांची होते, ती पुन्हा सपाट होत नाही. ओलसर खोलीनं ते बरंच टळतं.

पाण्यासाठी उथळ परात जमिनीच्या बरोबरीनं गाडा. पाणी कासवाच्या हनुवटीच्या वर नको आणि बाहेर यायला कड सोपी हवी. पिल्लाला आठवड्यातून तीन-चार वेळा कोमट उथळ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा. ते तोंडानं पाणीही पितं आणि पोटही साफ करतं.

थंडीचं ऐका. 'कासव हिवाळ्यात झोपतं' हे सुलकाटाला लागू नाही. ते झोपून राहणारं कासव नाही, गारठलं की त्याला सर्दी-न्यूमोनिया होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री पिल्लाला घरात घ्या. आंब्याची लाकडी पेटी, आत वाळलेलं गवत, वर एका बाजूला ६० वॅटचा साधा बल्ब. कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतो तोच प्रकार. बल्ब गवतापासून दीड फूट लांब आणि तारेनं घट्ट बांधलेला असू द्या, नाहीतर पेटीच पेटेल. पेटीची दुसरी बाजू गार राहिली पाहिजे, म्हणजे कासव आपलं आपण सरकतं.

पिल्लाच्या आवारावर जाळी टाका. कावळा, मुंगूस, घूस, मांजर, भटकं कुत्रं, सगळ्यांना ते खाणंच वाटतं.

खायला काय

सुलकाटाचं पोट बैलासारखं गवतावर चालतं. हरळी, दुर्वा, वाळलेलं गवत हे मुख्य. जोडीला तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. आपल्याकडं रेशीमवाल्यांच्या शेतात तुती असतेच, फक्त फवारणी केव्हा झाली ते विचारून घ्या. बांधावरचं गवत कापतानाही तेच. शेजाऱ्यानं तणनाशक मारलेलं असेल तर ते गवत दिसायला काही दिवस हिरवंच राहतं. लसूणघास थोडाच. भात, पोळी, दूध, कुत्र्याचं खाणं अजिबात नको. फळं, टोमॅटो रोज दिले तर पोट बिघडतं. गाजरगवत, घाणेरी, रुई आणि कण्हेर आवारात उगवू देऊ नका. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा टाकून ठेवा, कासव गरजेप्रमाणं कुरतडतं.

पाण्यातल्या कासवाचं थोडक्यात

लाल पट्ट्याचं कासव दुकानात रुपयाच्या नाण्याएवढं दिसतं आणि वाढून फूटभराच्या आसपास जातं. मादी नरापेक्षा मोठी. वीस-तीस वर्षं जगतं. ठोकताळा असा की पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी. चार इंची कासवाला दीडशे लिटर, मोठ्याला चारशे. पोहायला खोल पाणी आणि पूर्ण कोरडं बसायला एक दगड किंवा फळी, थेट उन्हात. अंग कोरडं झालं नाही तर पाठ कुजते. सिमेंटचा हौद केला तर निम्म्यावर सावली ठेवा, मेमध्ये पाणी तापतं. घाण फार करतं, पाणी सारखं बदलावं लागतं. बदललेलं पाणी झाडांना घालता येईल. पण ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथं चारशे लिटरचा हौद कासवासाठी भरणं घरातल्या बाईमाणसांच्या डोक्यावरच्या हंड्यातून होणार, याचा विचार आणणाऱ्यानं करावा.

नको झालं म्हणून ते नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत हे कासव आहे. आपल्या देशी कासवांची जागा आणि खाणं ते बळकावतं.

कोणत्याही कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यानं लहान मुलांना जुलाब-ताप येतो. अमेरिकेत याच कारणानं १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे. हात लावला की साबणानं धुवा, मुलांना तोंडाजवळ नेऊ देऊ नका, आणि कासवाची भांडी जिथं घरची भांडी घासतो तिथं घासू नका.

डोळे सुजले, नाकातून फेस आला, खाणं बंद झालं, पाठ दाबली तर दबते, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय नकोत. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवा.

आणि आज रात्री देशी कासव हातात असेल तर

ते रस्ता ओलांडत असेल तर ज्या दिशेला तोंड होतं त्याच बाजूला उचलून ठेवा आणि निघा. शेतात पाण्याच्या कडेला ठीकठाक असेल तर हातही लावू नका. जखमी असेल, नांगर-जेसीबी लागलेला असेल किंवा कुणी तुमच्या घरात आणून ठेवलं असेल, तरच खोक्यात घ्या. दोन्ही हातांनी पाठीच्या कडेला धरा. मऊ पाठीचं कासव मान लांब काढून चावतं, म्हणून तोंड आपल्यापासून लांब ठेवा. खोक्याला हवेसाठी भोकं पाडा, खाली ओलं फडकं अंथरा, पाणी भरू नका, खायला देऊ नका. अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. रील काढायला बाहेर काढू नका, स्टेटसलाही टाकू नका, त्यावरून नखं मोजणारे येतात.

वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. तो लागला नाही तर जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात सांगा. कुठं सापडलं, केव्हा सापडलं, जखम कुठं आहे, एवढं सांगितलं तरी त्यांना पुरतं. घरात आधीपासून स्टार कासव असेल तरी फोन हाच करायचा, धाड पडायची वाट बघू नये. कासव हातात आल्याची तारीख आणि वेळ खोक्यावरच पेननं लिहून ठेवा, ४८ तास तिथून मोजायचे असतात.